धोटा पार्टीतल्या विमलला

विमल,

तू गेल्याचा निरोप मला शाळेत मिळाला. चौथीच्या मुलींना भागाकार शिकवत होते. फळ्यावरचं उदाहरण अर्धंच राहिलं. खडू हातात घेऊन तशीच रिक्षात बसले आणि तुझ्या गल्लीत उतरताना पाहिलं, तर मुठीत त्याचा भुगा झाला होता. तुझ्या दारात गर्दी होती. उमरेडहून तुझी माहेरची माणसं आली होती. त्यातल्या एका तरुण मुलीनं, बहुतेक तुझ्या भाच्याची बायको असावी, मला बसायला जागा करून दिली आणि विचारलं, "तुमी कोन, बाई? नात्यातल्या का?"

"नाही," मी म्हटलं. "मी तिच्या पार्टीतली."

"कोन्त्या पार्टीच्या?" तिनं डोळे मोठे केले. "आत्याबाई इलेक्शनले उभ्या होत्या का?"

तिथं, तुझ्या पायाशी बसून, मला हसू आलं. पदर तोंडाला लावला म्हणून लोकांना ते रडणं वाटलं. तू असतीस तर मांडीवर थाप मारून हसली असतीस आणि त्या मुलीला म्हणाली असतीस, "होय वं, निशाणी धोटा!"

त्या मुलीचा काय दोष? तिला कोण सांगणार? आपल्या पार्टीचा एकही फोटो नाही. कुणाच्या कपाटात आपली एखादी तबकडीही नाही. शहरात कोट घालून वाजवणारे ऑर्केस्ट्रे होते, लग्नाच्या वरातीतले पितळी बाजे होते, खेड्यांत दंडारवाले होते, त्यांची नावं अजूनही लोक घेतात. पाच बायकांच्या आपल्या पार्टीचं नाव आता तुझ्या गल्लीतही दोन-तीन जणांनाच माहीत असेल. म्हणून त्या मुलीला सांगायचं ते तुलाच सांगत बसलेय. तुला सगळं माहीत आहे. पण माझ्या बाजूनं तू ते कधी ऐकलं नाहीस.

मी तुमच्या गल्लीत भाडेकरू म्हणून आले तेव्हा लग्नाला चार महिने झाले होते. माहेर सावनेरजवळच्या खेड्यातलं, घरी शेती, मॅट्रिक झालेली. नवरा इतवारीतल्या कापडाच्या ठोक दुकानात कामाला. कोष्ट्यांच्या गल्लीत समोरची खोली मिळाली म्हणून आम्ही तिथं आलो. पहिल्या दिवशी मला वाटलं, इथं माणूस राहूच शकत नाही. सकाळपासून प्रत्येक घरात माग चाललेला. खड्ड्यात पाय सोडून माणसं बसलेली, पायांखाली मागाच्या पावड्या, ताण्यातून सूत घेऊन इकडून तिकडे पळणारा धोटा, आणि खट-खट, खट-खट. आमच्या खोलीतली भांडी फळीवर हलायची. मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता.

दुपारी माणसं जेवायला उठली की अर्धा तास सगळं शांत व्हायचं. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्या शांततेत समोरच्या घरातून तारांचा आवाज आला. आधी एकच सूर, मग तोच सूर थरथरत वर चढत गेला. मी पदर खोचला आणि सरळ तुझ्या दारात येऊन उभी राहिले. तू जमिनीवर बसली होतीस, पाठ भिंतीला, मांडीवर बँजो. पुस्तकात असतो तो विलायती बँजो नाही. पेटीसारखा लांबट, टाइपरायटरची असतात तशी बटणं असलेला, बुलबुल तरंग. डाव्या हातानं बटणं दाबत होतीस आणि उजव्या हातात मागाच्या जुन्या फणीतली बांबूची एक चपटी काडी होती, तिनं तारा छेडत होतीस.

"काहून वं बाई," तू मला पाहून थांबलीस, "झोपमोड झाली का तुमची?"

"नाही. अजून वाजवा ना."

"आता नाही वाजवत. आमचे बुवा जेवून उठले का माग सुरू होते. मले सुताच्या कांड्या भराच्या आहेत." मग म्हणालीस, "उद्या येजा. याच टायमाले."

तो बँजो तुझ्या भावाचा. तो उमरेडला लग्नाच्या पार्टीत वाजवायचा, मग नोकरीसाठी भिलाईला गेला आणि जाताना तो तुझ्या हवाली करून गेला. सासरी येताना तू तो गोधडीत गुंडाळून आणलास. श्रावणभाऊंनी गोधडी उघडून पाहिली आणि फक्त एवढंच विचारलं, "वाजते का?" तू म्हणालीस, "वाजते." त्यावर ते म्हणाले, "मंग वाजव." तुझा नवरा असा कमी बोलणारा होता, हे तुझं नशीब, आणि माझंही.

मी रोज येऊ लागले. तू वाजवायचीस, मी गुणगुणायचे. आठ दिवसांत तुमचं तू झालं. मला पाठ असलेली गाणी शाळेतली, तुला येणाऱ्या चाली लग्नातल्या. दोन्ही जुळेनात. मग मी म्हटलं, शब्द मी नवे लिहिते. त्यावर गल्लीतली गंगामावशी दारातून म्हणाली, "लिहा, पन मले समजतील असे लिहा."

गंगामावशीशिवाय हे सगळं दुपारचा खेळ म्हणूनच राहिलं असतं. गल्लीत बायका चरख्यावर कांड्या भरायच्या, सूत रंगवायच्या, पण मागावर बसायचे ते पुरुष. मावशीचा नवरा ऐन तरुणपणी गेला. त्याच्या मागं ती खड्ड्यात उतरली आणि तिनं लुगडी विणायला सुरुवात केली. लोक बोलले. तिनं ऐकलं आणि विणत राहिली. म्हातारपणी गुडघे गेले तेव्हा तिनं माग विकला आणि ढोलकी घेतली. तिची थाप मी आयुष्यात दुसरीकडे कुठं ऐकली नाही. दोन ठोके जवळजवळ, मग जरा जास्तच वेळ थांबून तिसरा. पहिल्यांदा ऐकणारा टाळी वाजवायला जायचा आणि चुकायचा. थोड्या वेळानं त्याचं अंग आपोआप तिच्या बरोबर डोलायला लागायचं. मी तिला विचारलं होतं, हे कुठं शिकलीस? ती म्हणाली, "शिकतो कायची वं? तीस वर्सं पाय चालवले, आता हात चालवतो."

भुलाबाईच्या दिवसांत गल्लीतल्या मुली आपल्याभोवती गोळा झाल्या. कोजागिरीपर्यंत आपण तिघी रोज संध्याकाळी गाऊ लागलो. झांजा घेऊन शेजारच्या दोघी जावा आल्या आणि आपण पाच जणी झालो. पण पार्टी झाली ती पुढच्या वर्षी, गणपतीत.

मंडळानं इतवारीकडचा एक ऑर्केस्ट्रा ठरवला होता. काँगो, अकॉर्डियन, चकचकीत कोट, सिनेमाची गाणी. संध्याकाळी गल्लीत सतरंज्या पडल्या, पाहुण्यांसाठी लोखंडी खुर्च्या आल्या, आणि ऑर्केस्ट्रा आलाच नाही. त्यांची गाडी उमरेड रोडला बंद पडली होती. लोकांनी तासभर धीर धरला. मग खुर्च्या वाजवायला लागले. मंडळाचे अध्यक्ष घामाघूम होऊन माइकवर तेच तेच सांगत होते. तेव्हा तू बायकांच्या बाजूनं उठलीस. मी तुझा पदर ओढला, तू सोडवून घेतलास.

"भाऊ, आम्ही म्हनू का काही?"

"बायका काय वाजवतील, वहिनी?"

"खाली लोकं खुर्च्या वाजवून राहिले, त्याच्याहून तं बरंच वाजवू."

पुढचे लोक हसले आणि त्या हसण्यात अध्यक्षांना नाही म्हणता आलं नाही. तू बँजो लावलास, मावशीनं ढोलकी मांडीखाली घेतली. दोन जवळ, एक लांब. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तं माग चालू झाला! धोटा पार्टी!" सगळी गल्ली हसली. मला वाटलं आता संपलं. तू माझ्याकडे बघून मान हलवलीस, गा म्हणून. मी गायले.

सूत सरलं, कांडी भरली, धोटा निंगाला गावाले,
त्याच्या मांगं मी बी जातो, पुसा माह्या पावाले.

दुसऱ्या कडव्याला हसणं थांबलं. तिसऱ्याला, मला आठवतं, समोर बसलेल्या विणकरांचे पाय सतरंजीवर हलत होते, एक खाली एक वर, जणू पायांखाली पावड्या होत्या. आपल्याला तेच गाणं चार वेळा म्हणावं लागलं, कारण आपल्याकडे दुसरी तीनच गाणी होती. चिडवायला दिलेलं नाव तू दुसऱ्या दिवशी ठेवून घेतलंस. "चांगलं हाय. आपनच ठेवलं असतं तं असं सुचलं नसतं."

त्या गाण्यावरून आपलं पहिलं भांडण झालं होतं, आठवतं? मी वहीत लिहिलं होतं, 'मी बी जाते'. तू म्हणालीस, जातो. मी तुला व्याकरण शिकवायला निघाले. बाई असेल तर जाते. तू शांतपणे कांडी भरत म्हणालीस, "आमच्या इथं बाई जातोच म्हनते. तुह्या मायले विचार सावनेरले, ते काय म्हनते ते." मी विचारलं नाही. मला माहीत होतं आई काय म्हणते. मी स्वतः सातवीत जाईपर्यंत तेच म्हणत होते. शाळेत बाईंनी हसून सुधारलं, तेव्हापासून मी सुधारत आले होते.

पुढची सहा-सात वर्षं आपण किती हिंडलो! काटोल, उमरेड, सावनेरच्या खाणींच्या वसाहती, कळमेश्वर. एसटीत ढोलकी मावशीच्या मांडीवर, बँजो तुझ्या. कंडक्टर विचारायचा, "बाई, ह्याचं तिकीट?" मावशी सांगायची, "लहान हाय अजून, अर्धं फाड." खाणीतल्या बायका आपल्या गाण्यांत त्यांची कडवी जोडायच्या आणि तू ती तिथंच चालीत बसवायचीस. सिनेमाची फर्माईश आली की म्हणायचीस, "ते तुम्ही पिच्चरमधी आयकता, इथं आमचं आयका." मी नळावरच्या रांगेवर गाणं लिहिलं, रेशनच्या साखरेवर लिहिलं, माहेरी जाणाऱ्या एसटीवर लिहिलं. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला बँजो एकटा वाजायचा, हळूहळू थरथरत, आणि लोक गप्प झाले की मगच मावशीचा हात पडायचा. कुणी शिकवलं नव्हतं. पाच जणींना जे जे येत होतं त्याची ती मोट होती, आणि ती कशी कोण जाणे चालत होती. शाळेत मला नोकरी लागली ती याच काळात. दिवसभर शुद्धलेखन तपासायचं आणि रविवारी कुठल्या तरी गावात चौरंगावर उभं राहून 'मी बी जातो' म्हणायचं. मी इतकी सुखी कधीच नव्हते, विमल. हे तुला कधी सांगितलं नाही. सांगायची गरज वाटली नाही तेव्हा.

मग रेडिओ.

अर्ज मी केला. तुम्हाला कुणाला न विचारता केला, आणि बोलावणं आलं तेव्हा गल्लीभर नाचत सांगितलं. जावांना घरून परवानगी मिळाली नाही, म्हणून आपण तिघीच गेलो. मावशीनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. त्या खोलीत भिंतींना भोकाभोकांच्या फळ्या होत्या, पायाखाली जाड गालिचा होता, आणि दार लागल्यावर असं शांत झालं की मावशी कानात बोट घालून पाहू लागली.

साहेब भले होते. मी त्यांना आजही वाईट म्हणणार नाही. त्यांनी एकदा पूर्ण ऐकलं. बोटानं टेबलावर ताल धरत होते, तो दोनदा सुटला. मग म्हणाले, "आवाज छान आहे. बँजोही चांगला. पण ढोलकी अडखळते."

"अडखळत नाही, साहेब, थांबते," मावशी म्हणाली. "धोटा तिकडून आल्याबिगर पुढं कसं जाईन मानूस?"

साहेब हसले. "मावशी, ऐकणाऱ्याला माग दिसत नाही ना. आमचे तबलजी आहेत, ते साथ करतील. तुम्ही दोघी बसा. मावशी बाहेर बाकावर बसतील, चहा सांगतो त्यांना." आणि मग माझ्याकडे वळून, "आणि ते 'जातो' तेवढं 'जाते' करा. शहरातले लोक ऐकतात."

तू फणीची काडी पदराच्या टोकाला बांधलीस, बँजो फडक्यात गुंडाळलास आणि उठलीस.

"चाल, सुमन."

"विमल, एकदा तरी होऊ दे ना. एकदा."

"चाल म्हटलं ना वं."

मी गालिच्याकडे पाहत राहिले. त्याच्यावर लाल चौकोन होते. तू दारापर्यंत गेलीस, थांबली नाहीस. थांबली ती मावशी. वळून म्हणाली, "गाय वं पोरी. चांगलं गाय." तिच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

मी गायले. शब्द माझेच होते, एक अक्षर सोडून. साहेबांनी खूप छान म्हटलं. बाहेर आले तेव्हा बाकावर कुणी नव्हतं. चहाचे दोन कप भरलेलेच होते, त्यावर साय आली होती.

महिन्याभरानं एका दुपारी ते वाजणार होतं. मी रजा घेऊन सावनेरला गेले, आप्पांबरोबर, माझ्या वडिलांबरोबर, ऐकायला. आप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. आईनं ऐकलं आणि म्हणाली, "चांगली म्हनली. पन तू असं काहून बोलली, जाते?"

परत आले ती तुझ्या दारात उभी राहिले. तू कांड्या भरत होतीस.

"झालं का रेडिओचं?" तू मान वर न करता विचारलंस.

"झालं."

"बरं."

चरखा फिरत राहिला. मला वाटलं, तू ऐकलंच नाहीस. तुझ्या घरी रेडिओ होता, श्रावणभाऊ दुपारी गाणी लावायचे, तरीही तू त्या दिवशी तो मुद्दाम बंद ठेवला असशील, असं मी धरून चालले. त्यानंतर किती महिने मी गल्लीत शिरताना मागच्या बोळातून यायचे, ते तुला दिसत असणारच. अबोला तू धरला होतास की मी, हे आता ठरवणं अवघड आहे. मला वाटतं मीच धरला होता आणि तुझ्यावर ढकलला होता.

तो मोडलास तोही तूच. महालक्ष्म्यांच्या दिवशी आंबिलीचा गडू घेऊन आलीस, उंबऱ्यावर ठेवलास आणि म्हणालीस, "मावशी म्हने, कोजागिरीले गावं लागन. ढोलकी ताणून ठेवली त्यायनं." एवढंच. मी गडू आत घेतला आणि आपण पुन्हा गायला लागलो. मी पुन्हा 'जातो' म्हणायला लागले. कुणी काही विचारलं नाही.

फक्त एकदा, सावनेरहून परत येताना एसटीत, मलाच राहवलं नाही. मावशी समोरच्या बाकावर झोपली होती. मी म्हटलं, "तू त्या दिवशी थांबली असतीस ना विमल, तर आपलं काहीतरी मागं राहिलं असतं."

"आपलं म्हंजे कोनाचं?"

"आपल्या सगळ्यांचं."

तू मावशीकडे पाहिलंस, तिची मान बसच्या धक्क्यांनी हलत होती. "ते नसतं राह्यलं त्याच्यात," तू म्हणालीस. मी म्हटलं, काहीच नसण्यापेक्षा थोडं बरं नाही का? तू खिडकीबाहेर पाहायला लागलीस. पाटणसावंगी आलं, गेलं. ते भांडण तिथंच राहिलं, त्या खिडकीत. खरं सांगू, आजही मला वाटतं माझं थोडं बरोबर होतं. आज त्या मुलीला ऐकवायला माझ्याकडे काय आहे? पण तुझं जास्त बरोबर होतं, हेही मला तेव्हापासून ठाऊक आहे.

मग एकेक माग बंद पडत गेला. पॉवरलूमची लुगडी बाजारात आली आणि आपल्या गल्लीतली फळीवरची भांडी हलायची थांबली. श्रावणभाऊ इतवारीत कापडाचे गठ्ठे उचलायला लागले. जावा विड्या वळायला लागल्या. मावशी एका थंडीत गेली, शेवटपर्यंत बोटं खाटेच्या लाकडावर वाजवत. तिच्यानंतर कुणी आपल्याला बोलावलं, तर तूच नाही म्हणून सांगायचीस. आम्ही मनीषनगरकडे घर बांधलं, तिकडे तेव्हा नुसती शेतं होती, आणि मी तुझ्याकडे यायचे ते सणावारी. आल्यावर तू चहा ठेवायचीस, मुलांची विचारपूस व्हायची. बँजो भिंतीला टांगलेला असायचा. वाजव, असं म्हणायचं माझ्या तोंडावर यायचं आणि मी चहा प्यायचे.

बुधवारी दवाखान्यात आले तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस. माझा आवाज ऐकून वळलीस. किती बारीक झाली होतीस! मी काहीबाही बोलत होते, डॉक्टर काय म्हणाले, खायला काय देतात. तू मध्येच विचारलंस,

"सुमन, तू त्या दिवशी थांबली काहून वं?"

इतक्या वर्षांनी. कोणता दिवस, हे मला विचारावं लागलं नाही.

"जाऊ दे ना आता विमल. जुनं झालं."

"बरं." तू डोळे मिटलेस. "बस जराशी."

"शाळा आहे गं. रविवारी येते, दिवसभर बसते."

तू मान हलवलीस. मी गेले. शुक्रवारी निरोप आला.

उत्तर मला माहीत नव्हतं असं नाही. थांबले, कारण मला एकटीला गायचं होतं. साहेबांची भीड पडली नाही, आपलं काही मागं राहावं असं काही उदात्तही मनात नव्हतं. ते सगळं मी नंतर रचलं. सातवीपासून मी कुणासारखी तरी होण्याचा प्रयत्न करत होते, आणि त्या खोलीत पहिल्यांदा कुणीतरी शहाणा माणूस मला म्हणाला की तुझा आवाज छान आहे. फक्त तुझा. तो एक शब्द मला सोडवला नाही. एवढंच होतं. बुधवारी हे सांगायला दोन मिनिटं लागली असती.

रविवारी मी आलेच. कबूल केलं होतं म्हणून आले, कुणासाठी ते माहीत नव्हतं. पाहुणे गेले होते. श्रावणभाऊ एकटेच तुझ्या जागेवर बसले होते. मी समोर बसले. मग त्यांना मी सांगून टाकलं, विमलनं विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नाही. हेही सांगितलं की तिनं ते गाणं कधी ऐकलंच नाही, इतकं तिला लागलं होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "कोन म्हनते आयकलं नाही?"

"तिनं ऐकलं?"

"मास्तरीणबाई, तुमी सावनेरले गेल्या होत्या. तिनं सकाळपासून मले दहादा टाइम विचारला. मंग मले म्हने माग बंद करा. दोन्ही बाजूच्या घरी जाऊन सांगून आली, मावशीचं डोकं दुखते, घंटाभर माग थांबवा. मावशीले घरात घेतलं आन दार लावलं. आम्ही तिघं होतो. तिनं बँजो मांडीवर घेतला. मी म्हटलं, गानं तं रेडिओत हाय, हा कायले? ते तारा लावत राहिली."

माझी नजर भिंतीवरच्या बँजोकडे गेली.

"तुमी गायल्या. पयलं कडवं झालं आन तुमी थांबल्या. तबला तसाच चालला, पन तुमी नाही गायल्या जराशा."

हो. थांबले होते. तिथं तुझा बँजो असायचा. पहिल्या कडव्यानंतर तू एकटी वाजवायचीस आणि मी श्वास घ्यायचे. त्या दिवशीही सवयीनं थांबले. तबलजींनी माझ्याकडे दचकून पाहिलं, आणि ते नको तितकं लांबलेलं रिकामेपण तसंच रेडिओवर गेलं. मला त्याची कायम लाज वाटली.

"तवा हिनं वाजवला," श्रावणभाऊ म्हणाले. "बरोबर तेवढाच. मावशी जमिनीवर हात मारत होती, तिच्या तिच्या थापेनं. त्या तबल्याले मांगं टाकून राहिली होती ते. दुसऱ्या कडव्याले पुन्हा तुमी थांबल्या, पुन्हा हिनं वाजवला. गानं संपेपर्यंत."

"तुम्ही मला कधी सांगितलं नाही?"

"तिनं सांगू नका म्हटलं होतं. म्हने, तिले वाटन मी माफ केलं." ते जरा थांबले. "मंग मले म्हने, आता सांगून या बाजूच्यायले, मावशीचं डोकं दुखनं थांबलं. मी सांगून आलो. पाह्यतो तं ते कांड्या भराले बसली होती, आन रडून राहिली होती. मी माग सुरू केला."